आधी वाचा, मग द्या

 

या कार्यक्रमात आम्ही नेहमी कर्ज, हप्ते, शेळीपालन, मसाला उद्योग असं बोलतो. आजचा विषय मात्र औषध देण्याचा आहे. बचत गटाचा आणि औषधाचा काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे. पूर्वी आमच्या गटांच्या रजिस्टरमध्ये कर्जाचं कारण लिहिलेलं असायचं शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं. आता त्याच रकान्यात ‘मुलीची एएनएमची फी’ असंही लिहिलेलं दिसतं. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठल्याही बाजूच्या गावात जा, दोन-चार घरच्या मुली नर्सिंग शिकताहेत. कोणी दोन वर्षांचं एएनएम करते, कोणी तीन वर्षांचं जीएनएम, कोणी काही महिन्यांचं रुग्णसेविकेचं प्रशिक्षण घेऊन शहरात पेशंट सांभाळायला जाते. आम्हाला याचा अभिमान आहे. पण एक काळजीही आहे, आणि ती आम्हाला एका घरात घडलेल्या गोष्टीवरून लागली. त्या घराची परवानगी घेऊन सांगतो. नाव-गाव मात्र सांगणार नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंना खूप वर्षांपासून शुगर आहे. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. मागे एकदा दिवाळीच्या आधी त्यांना शहरातल्या दवाखान्यात दाखवलं. तिथं जुनं इन्सुलिन बंद केलं आणि रात्री एकदाच घ्यायचं नवीन इन्सुलिन लिहून दिलं. चिठ्ठीवर होतं, रात्री २० युनिट. ताईंची मुलगी एएनएमच्या पहिल्या वर्षाला होती आणि सुट्टीत घरी आली होती. घरात सगळे म्हणाले, आता आपल्या घरचीच नर्सबाई आहे, हिच्याच हातून घ्या. आजीही खूश. घरात जुन्या सिरिंजचं पाकीट शिल्लक होतं. पोरीनं नवीन बाटलीतून त्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं आणि आजीला दिलं.

पहाटे आजी घामानं चिंब झाल्या. हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. घरचे म्हणाले, बाहेरचं काही लागलं असेल. पोरीला मात्र वर्गात शिकवलेलं आठवलं, की घाम, थरथर आणि बरळणं म्हणजे साखर उतरलेली असू शकते. आजी शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून तिनं तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि १०८ ला फोन लावायला सांगितलं. गाडी येईपर्यंत ती दिव्याखाली बाटली घेऊन बसली आणि पहिल्यांदा तिच्यावरची बारीक अक्षरं नीट वाचली. मग सिरिंजवरची वाचली. आणि रडायलाच लागली.

काय झालं होतं ते आम्ही नीट समजावून घेतलं. तुम्हीही समजून घ्या, कारण इन्सुलिन आज गावोगावी आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची ४० वाल्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची १०० वाल्या बाटलीसाठी. आजींची जुनी बाटली ४० ची होती, म्हणून घरात लाल टोपणाच्या सिरिंज होत्या. नवीन बाटली होती १०० ची. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. नवीन बाटलीतल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट होतात. म्हणजे द्यायचे होते २०, गेले ५०, अडीच पट. पोरीनं आकडा बरोबर वाचला होता. बाटली आणि सिरिंज एकमेकींच्या जोडीच्या आहेत का, एवढंच बघितलं नव्हतं. मेडिकलवर नवीन औषध देताना कोणी ते सांगितलं नाही आणि घरातल्या कोणी विचारलं नाही.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. दवाखान्यात जाताना गाडीत घरातलं एक मोठं माणूस पोरीला म्हणालं, “सुईचं काही सांगू नको. आजीनं जेवण केलं नाही म्हणून झालं, असं सांगू. तुझं नाव खराब होईल, शिक्षण बंद पडेल.” ती पोर दवाखान्यात उतरली आणि डॉक्टरांना सरळ म्हणाली, “माझ्या हातून चूक झाली. रात्री ९ वाजता २० ऐवजी ५० युनिट गेले. ही बाटली, ही सिरिंज.” डॉक्टरांनी आजींना ग्लुकोज लावलं आणि पूर्ण दिवस ठेवून घेतलं, दर थोड्या वेळानं साखर तपासली. हे इन्सुलिन जवळजवळ दिवसभर काम करत राहतं. खरं सांगितलं नसतं तर साखर वर आली म्हणून दुपारीच घरी पाठवलं असतं, आणि संध्याकाळी पुन्हा उतरली असती. आजी वाचल्या त्या पोरीच्या खरं बोलण्यानं.

आता कोणी म्हणेल, पहिल्या वर्षाची पोर, चुकायचीच. तर आपल्या विदर्भातलीच एक गोष्ट आठवा. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. पाच वर्षांच्या आतली मुलं. त्यांना उलट्या, मळमळ सुरू झाली, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती करावं लागलं. नशिबानं सगळी बरी झाली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. बातमी ऐकून आपण सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. पण विचार करा, तिथं शिकलेली, काम माहीत असलेली माणसं होती. कोरोनाचा काळ होता, प्रत्येक टेबलावर सॅनिटायझर ठेवलेलंच असायचं.

पोलिओच्या बाटलीवर एक खूण असते, गोल आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद झाला तर लस उष्णतेनं खराब झाली, ती द्यायची नाही. डोस देण्याआधी ही खूण बघायचीच असते. आता जी बाई प्रत्येक बाटली हातात घेतल्यावर ती खूण शोधेल, तिच्या हातात सॅनिटायझर आलं तरी बाळाच्या तोंडात जाणार नाही, कारण सॅनिटायझरवर ती खूणच नाही. वाचण्याची सवय अशी कामी येते. हुशारी, अनुभव, पदवी यांच्या आधी ती लागते.

नर्सिंगच्या वर्गात यासाठी पाच गोष्टी पाठ करून घेतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. परीक्षेला सगळ्या पोरी लिहितात. आपण त्या घराच्या उंबऱ्यावर आणून बघू.

पहिलं, योग्य रुग्ण. आपल्या एका गावात तीन शांताबाई आणि चार गजानन असतात. वॉर्डातही तसंच. म्हणून “तुम्ही शांताबाई ना?” असं विचारायचं नाही. ऐकू कमी येणारी आजी कशालाही मान डोलावते. “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा,” असं विचारायचं आणि ते केसपेपरशी जुळवायचं. रुग्णाला स्वतःच्या तोंडानं नाव सांगू द्यायचं.

दुसरं, योग्य औषध. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि बारीक अक्षरात खरं औषध असतं. आम्ही आमच्या एका मासिक बैठकीत सगळ्यांना घरची औषधाची पिशवी घेऊन यायला सांगितलं. एका काकूंच्या पिशवीत बीपीच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या, एक सरकारी दवाखान्यातली, एक खाजगीतली. बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत ॲम्लोडिपिनच. काकू दोन्ही घेत होत्या आणि निंदायला वाकून उठल्या की चक्कर येत होती. अशा वेळी स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही. दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जायचं. काकू गेल्या, एक गोळी बंद झाली, चक्कर थांबली. पोरींनो, औषध तीनदा वाचायचं असतं. कपाटातून काढताना, भरताना किंवा हातावर घेताना, आणि परत ठेवताना.

तिसरं, योग्य मात्रा. लेकरांच्या तापाचं पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. एका पातळ औषधात ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतात, दुसऱ्यात ५ मिलिलिटरला २५०. आणि अगदी तान्ह्या बाळांसाठी थेंबाची बाटली मिळते, तिच्यात एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम. आता कोणी म्हणालं, “मागच्या वेळी अर्धं टोपण दिलं होतं, तेवढंच दे,” आणि थेंबाच्या बाटलीतलं ५ मिलिलिटर पाजलं, तर १२० ऐवजी ५०० मिलिग्रॅम गेलं. चौपटीच्या वर. जास्त पॅरासिटामॉल यकृताला मारतं, आणि ते लगेच दिसत नाही. म्हणून टोपण, चमचा हे माप नव्हे. घरातला एक चमचा दुसऱ्यासारखा नसतो. औषधाबरोबर येणारं खुणांचं मापच वापरायचं, आणि बाळाचं वजन सांगून डॉक्टरांना किंवा सिस्टरांना मिलिलिटरमध्ये विचारून घ्यायचं.

लिहिण्यातही मात्रा चुकते. अर्धा लिहायचा तर टिंबाच्या आधी शून्य हवं, ०.५. नुसतं .५ लिहिलं की टिंब दिसत नाही आणि पाच होतात. आणि पूर्ण आकड्यापुढं टिंब-शून्य लिहायचं नाही, ५.० चे ५० होतात. इन्सुलिनच्या आकड्यापुढं युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं, ४ युनिटचे ४० होतात. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहा.

चौथं, योग्य मार्ग. कानाचे आणि डोळ्याचे थेंब सारख्याच छोट्या बाटल्यांत असतात. कानाचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जळतो. योनीत ठेवायची गोळी तोंडानं घेतल्याची उदाहरणंही आम्ही ऐकली, कारण बाईला लाजेनं कोणी सांगितलंच नाही. आपण बायाच बायांना औषध देतो, तेव्हा ही लाज आपणच बाजूला ठेवायची. दवाखान्यात तर मार्गाची चूक जिवावर बेतते. पोटॅशियम क्लोराइड हे औषध शिरेतून सरळ टोचलं तर हृदय बंद पडू शकतं. ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचं असतं. अशी औषधं भरताना दुसऱ्या सिस्टरला बोलावून दाखवायची पद्धत आहे. त्यात कमीपणा काही नाही.

पाचवं, योग्य वेळ. चिठ्ठीवर १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जेवणाआधी की नंतर तेही विचारायचं. गरोदरपणातली लोहाची लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस. ती चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घ्यायची नाही, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं. शौचाला काळी होते म्हणून बायका गोळी सोडतात. तो लोहाचा रंग आहे, घाबरायचं नाही. तसंच टीबीच्या औषधानं लघवी लालसर-नारिंगी होते, तोही औषधाचाच रंग. आणि सांधेदुखीच्या काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी असते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष ठरते. अशा पाकिटावर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

औषध दिल्यावर लगेच लिहायचं. काय दिलं, किती, किती वाजता. देण्याआधी लिहून ठेवायचं नाही, कारण रुग्णानं ओकलं किंवा नको म्हटलं तर कागद खोटा होतो. आणि दिल्यावर लिहिलं नाही तर पुढच्या पाळीची सिस्टर तेच औषध पुन्हा देते.

आता खास शिकणाऱ्या पोरींसाठी. गावात तुमची पदवी तुमच्या आधी पोहोचते. अजून परीक्षा व्हायची असते, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी व्हायची असते, आणि शेजारची काकू मेडिकलवरून सुई आणून हातात देते, “टोचून दे माय, अंग लई दुखून राह्यलं.” नाही म्हटलं तर काकूला राग येतो, हो म्हटलं तर तुमच्यावर जबाबदारी. एखाद्याला सुईची ॲलर्जी निघाली तर काही मिनिटांत श्वास कोंडतो, आणि त्या वेळी लागणारं औषध आपल्या ओसरीवर नसतं. म्हणून सरळ सांगा, “काकू, मी शिकतेय. डॉक्टरांची चिठ्ठी आणि दवाखाना असल्याशिवाय मी सुई टोचत नाही. चला, मी तुमच्याबरोबर उपकेंद्रात येते.” एवढं प्रेमानं सांगितलं तर कोणी तोडत नाही. आणि आयांनो, काकूंनो, आपणही पोरींना असल्या पेचात टाकायचं नाही. आमच्या गटांनी हा ठरावच केला आहे, की शिकणाऱ्या मुलीला घरी सुई मागायची नाही.

वॉर्डात डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं औषध मोठ्यानं परत म्हणून दाखवा. अक्षर लागलं नाही तर अंदाज करू नका, विचारा. कोणी चिडलं तर चिडू द्या. मोठ्या सिस्टरांनी रागावण्यापेक्षा बाटली चुकलेली जास्त महाग पडते.

घरासाठी थोडक्यात सांगतो. फवारणीचं औषध आणि माणसाचं औषध एका फळीवर ठेवायचं नाही. उरलेलं कीटकनाशक खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही, रात्री अंधारात हात त्याच बाटलीवर जातो. गोळ्या कापून घेतल्या तर मुदतीची तारीख आणि नाव असलेला तुकडा सांभाळा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. दवाखान्यात जाताना सगळी औषधं एका पिशवीत घेऊन जा. इन्सुलिन आणताना मेडिकलवरच बाटली आणि सिरिंज समोरासमोर धरून ४० ला ४०, १०० ला १०० जुळवा. शुगरवाल्या माणसाला घाम, थरथर, गोंधळ झाला तर शुद्धीवर असेपर्यंत साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ हा नंबर आहे. औषधानं काही त्रास झाला तर त्याची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे.

आता परत त्या पोरीकडे. सुट्टी संपली तरी ती कॉलेजात जायला तयार नव्हती. “माझ्या हातून माझीच आजी गेली असती,” म्हणत बसली. आम्ही तिघी-चौघी त्यांच्या घरी गेलो, पण आमच्या समजावण्यानं काही झालं नाही. आजीच तिला म्हणाल्या, “तू चुकली ते तुलाच कळलं, अन् तूच सांगितलं. न कळणारीच्या हातून सुई घ्यायची मला भीती वाटते, तुझी नाही वाटत.” पोर गेली. शिकवणाऱ्या मॅडमना तिनं झालेलं सगळं सांगितलं. मॅडमनी तिला रागावण्याऐवजी पुढच्या तासाला वर्गात लाल आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंज घेऊन उभं केलं आणि सगळ्या मुलींना समजावून सांगायला लावलं.

चूक लपवली की ती दुसऱ्या घरात पुन्हा होते. सांगितली की तिथंच थांबते. आमच्या पोरींच्या हातात उद्या कितीतरी घरांचे जीव असणार आहेत. त्यांना फी भरायला कर्ज दिलं, तसं चूक कबूल करायचं बळही आपणच द्यायला हवं. मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, आज माझं चुकलं,” तर आधी ऐकून घ्या, बोलणं नंतर.

पुढच्या बैठकीला आपापली औषधाची पिशवी घेऊन या. चष्मा विसरू नका, अक्षरं फार बारीक असतात.